खुंटीखालचं कुंकू

आमचे घरमालक इलेक्ट्रिक गिटारींच्या फक्त डोक्याची दुरुस्ती करायचे. गिटारीला डोकं असतं, हे मला लोणावळ्यात दवाखाना टाकेपर्यंत माहीत नव्हतं. मान संपली की वर जी चपटी फळी असते, जिच्यावर तारा ताणायच्या खुंट्या बसवलेल्या असतात आणि कंपनीचं नाव झळकत असतं, ते डोकं. मालक तेवढंच बघायचे. त्याच्या खाली काही बिघडलेलं असेल तर गिऱ्हाइकाला सरळ पुण्याच्या गाडीत बसायला सांगायचे. जागा बघायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मी दातांची डॉक्टर आहे हे कळल्यावर त्यांनी मला दोन चष्म्यांतून न्याहाळलं. दोन चष्मे एकावर एक घालायची त्यांची पद्धत होती. मग म्हणाले, "बरं झालं. तुमी तोंड बघा, मी डोकं बघतो. मानंच्या खालचं दोघांना बी काय कळत न्हाई."

मला कॉलेजात मानेखालचंही शिकवलं होतं, पण जागा हवी होती म्हणून गप्प बसले.

जागा म्हणजे भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक बैठं घर. पुढची खोली माझी, मागची त्यांची, मधे प्लायवूडचं पार्टिशन. माझ्या बाजूने दात कोरायच्या यंत्राचा आवाज, त्यांच्या बाजूने कानशीचा. एकदा एक आजोबा खुर्चीत तोंड उघडून बसले होते. मी यंत्र हातातसुद्धा घेतलं नव्हतं, आणि ते जिवाच्या आकांताने ओरडले. पलीकडे मालकांनी कानस चालवायला घेतली होती. जुन्या पद्धतीचा हाडांचा सरस ते पितळी डब्यात पाण्यावर वितळवायचे, त्या वासाने माझे दोन पेशंट कायमचे गेले. मी तक्रार केली. "वास सरसाचा न्हाई, डॉक्टर," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या लवंगाच्या तेलाचा हाय." एक वेळ दुखरा दात सहन होईल, पण या माणसाशी वाद घालणं सहन होत नसे.

लोणावळ्यात गिटारी येतात कुठून, हा प्रश्न मलाही पडला होता. मुंबईकरांचे बंगले आहेत, जुने ऑर्केस्ट्रावाले आहेत, हॉटेलात वाजवणारे आहेत, आणि अलीकडे जुन्या विलायती गिटारी भिंतीवर टांगायला जमवणारी एक नवीन जात निघाली आहे. पन्नास-साठ वर्षांची गिटार असली की तिचं डोकं एकदा तरी मोडलेलं असतंच. भिंतीला टेकवलेली असते, पाठीवर आडवी पडते आणि बरोबर मानेशी तुटते. त्यात आमच्याकडची दमट हवा, जुने सांधे आपोआप सुटतात. माझा धंदाही पडण्यावरच चालायचा. भुशीच्या पायऱ्यांवर पाण्यात नाचता नाचता घसरलेले लोक दात रुमालात बांधून यायचे. जून ते सप्टेंबर आम्हा दोघांनाही उसंत नसायची. ओसरीवर ओले पर्यटक आणि मोडक्या गिटारी शेजारी शेजारी बसलेल्या असायच्या, आणि मालक एकदा बाहेर डोकावून ज्याचं काय मोडलंय त्याप्रमाणे माणसं वाटून टाकायचे.

माझा दात बघायचा छोटा आरसा ते न विचारता न्यायचे. खुंटी काढली की लाकडात भोक राहतं, त्या भोकात आरसा घालून आत डोकावायचे. मी चिडून त्यांना नवा आरसा आणून दिला. त्यानंतरही ते माझाच नेत राहिले. का, असं विचारल्यावर म्हणाले, "माझा नवा हाय. खराब हुईल."

पण बघायचे मात्र असे, की बघणाऱ्याने बघत राहावं. आधी खुंट्यांचे स्क्रू. सरळ चिरेचे आहेत की फुलीचे? मूळ खुंट्यांच्या शेजारी बुजवलेली भोकं आहेत का? असतील तर कशाने बुजवलीत, लाकडाच्या चिपेने की आगकाडीने? आगकाडी निघाली की त्यांचा चेहरा उजळायचा. "आपल्याकडं कुनीतरी हात घातलाय." मग लाखेवरच्या बारीक भेगा, वाळल्या तळ्यातल्या गाळासारख्या. खऱ्या भेगा कुठेही जातात, कुणी मुद्दाम पाडलेल्या असल्या तर शहाण्यासारख्या एका दिशेने जातात. मग डोक्याच्या पाठीवरचा नंबर ठोकलेला आहे की कोरलेला. शेवटी ते खुंटीच्या भोकाला नाक लावून वास घ्यायचे. या सगळ्याच्या आधी, गिटार टेबलावर आल्या आल्या, तिच्या डोक्यावरचं कंपनीचं नाव ते माझ्या दवाखान्यातल्या चिकटपट्टीने झाकून टाकायचे. बघायचेसुद्धा नाहीत.

"नाव सगळ्यात शेवटी बघायचं, डॉक्टर. नाव काय, कुनी बी लिहितं."

हे त्यांना चांगलं माहीत होतं, कारण गिटारींच्या आधी आणि गिटारींच्या बरोबरीने ते पाट्या रंगवायचे. लोणावळ्यात एकाच नावाची चिक्कीची किती दुकानं आहेत हे इथे येऊन गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्यातल्या चार दुकानांच्या पाट्या मालकांनी रंगवलेल्या. चारही दुकानांवर "आमची कुठेही शाखा नाही" हे वाक्य त्यांच्याच हाताचं. "तुम्हाला काही वाटलं नाही हो?" मी विचारलं. "वाटलं की," ते म्हणाले. "चौथ्याला म्हनलं, मजकूर तयार हाय, थांबायची गरज न्हाई." माझ्या दवाखान्याची पाटीही त्यांनीच रंगवली. मी साधी पाटी मागितली होती. त्यांनी माझ्या नावाखाली अशी एक फर्मास वळणदार रेघ मारली की पहिल्यांदा आलेले लोक विचारायचे, इथे लग्नाची बुकिंग घेता का?

तरी गिटारीच्या डोक्यावरच्या नावाला त्यांनी कधी हात लावला नाही. मोडलेलं जोडतील, खुंट्या बदलतील, लाख चढवतील. नावाचं एक अक्षर उडालं असेल तर ते तसंच उडालेलं ठेवतील. एक ऑर्केस्ट्रावाले काका काकुळतीला आले होते. "अहो, दोनच अक्षरं गेलीत. स्टेजवर लोकांना दिसतं. तुमच्यासारखा हात अख्ख्या पुणे जिल्ह्यात नाही."

"नाव सोडून काय बी सांगा."

"पाट्या रंगवता की!"

"पाटी दुकानाची असती," मालक म्हणाले आणि गिटार पिशवीत भरून त्यांच्या हातात दिली. काका माझ्याकडे आले. ते दाढेसाठी आलेत असं समजून मी त्यांना खुर्चीत बसवलं, आणि ते इतके खचलेले होते की बसलेही.

खरं-खोटं ठरवण्यात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. तुंगार्लीच्या बंगल्यातले एक गृहस्थ मोठ्या हौसेने घेतलेली जुनी विलायती गिटार घेऊन आले. मालकांनी ती तीन दिवस ठेवून घेतली. चौथ्या दिवशी म्हणाले, "डोकं खरं हाय. मान खरी हाय. पन दोघं एकमेकांची न्हाईत." गृहस्थांचा चेहरा पडला. निदान डोकं खरं असल्याचं तरी लिहून द्या, म्हणाले. मालक लिहून कधीच देत नसत. "बोललेलं पुरतं," म्हणायचे. "लिहायला लागलं की मान्सं सोयीचं लिवतात." मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं, मी ते एक-दोघांना माझं म्हणून ऐकवलंसुद्धा.

सुजाता आली ती एका गुरुवारी दुपारी. माझ्या बाकावर बसली, मांडीवर चादरीत गुंडाळलेलं लांबट काहीतरी. पन्नाशीची, नीट चापूनचोपून नेसलेली, उर्सेच्या टोलनाक्यावर सुपरवायझर. दिवसभर गाड्यांचे नंबर बघणाऱ्या माणसाची नजर असते तशी नजर. मला एकदा पाहिलं आणि नोंद करून टाकली. कुठला दात, असं मी विचारलं.

"दात नाही, मॅडम. डोकं."

मी तिला मागे नेलं. पुढचा पेशंट यायचा होता आणि पार्टिशन प्लायवूडचं होतं, त्यामुळे मी तिथेच उभी राहिले. हे सभ्यपणाचं नव्हतं, हे मला मान्य आहे.

"जय भीम," ती मालकांना म्हणाली. चादर सोडली. आत पिवळट रंगाची एक जुनी इलेक्ट्रिक गिटार होती. मालकांनी सवयीने, न बघता, नावावर चिकटपट्टी मारली.

"तुमच्याकडे सगळे खरी निघावी म्हणून येत असतील," सुजाता म्हणाली. "माझी खोटी निघायला पाहिजे."

मालकांनी वरचा चष्मा काढला. असं गिऱ्हाईक त्यांना आजवर मिळालं नव्हतं.

मग तिने सांगितलं. तिचे वडील कान्ह्याच्या बौद्धवाड्यातले. लोणावळ्यात एका बंगल्यावर माळी होते, कान्ह्याहून रोज गाडीने जायचे-यायचे. गावात भीमगीतांची पार्टी होती, तिच्यात वाजवायचे. दीड वर्ष पगारातून बाजूला टाकून त्यांनी लोणावळ्यातल्या एका मिस्त्रीकडून ही गिटार करवून घेतली. सहाच महिन्यांत बंगल्यातल्या मुलाची विलायती गिटार चोरीला गेली. वडिलांच्या गिटारीवर नेमकं त्याच कंपनीचं नाव होतं. फौजदार आला. वडील म्हणाले, ही मी करवून घेतलीय, चला दाखवतो. त्या मिस्त्रीच्या दुकानात नेलं. मिस्त्री म्हणाला, आम्ही असलं काही करत नाही, ही बाहेरची आहे. संध्याकाळी बंगल्यातल्या मुलाने बघून सांगितलं की ही माझी नव्हे, माझी लाल होती. म्हणून सोडून दिलं.

"सोडलं, पण मग ही कुणाची, ते राहिलंच," सुजाता म्हणाली. "माळ्याकडे विलायती वाद्य कुठून येणार? एकीकडची नाही तर दुसरीकडची चोरली असणार. नोकरी गेली. आणि पार्टी चालवणाऱ्या आबांनी सांगितलं, भीमगीताला चोरीचं वाद्य नको. त्यानंतर वडिलांनी ही चादरीत बांधली. मी तेव्हा तीन वर्षांची. ते जाऊन पंधरा वर्षं झाली. मी त्यांना वाजवताना एकदाही ऐकलं नाही."

आता विहारात जुन्या पार्टीतल्या सगळ्यांचे फोटो लागायचे होते. वडिलांचा फोटो तिने नेऊन दिला, तर कमिटीतल्या कुणीतरी तो बाजूला ठेवला. ते गिटारीचं प्रकरण होतं ना, राहू द्या. सुजाताची आई थकली होती. भिंतीवर तो फोटो लागलेला तिला बघायचा होता.

"ही इथेच झालीय, एवढं तुम्ही सांगा," सुजाता म्हणाली. "तुमचं ऐकतील. सगळे म्हणतात, तुम्ही खोटं सांगत नाही."

मालकांनी पहिली खुंटी उतरवली. तिच्याखालची पत्र्याची चकती काढली, माझा आरसा धरला. खूप वेळ बघितलं. नाक लावून वास घेतला. एरवी एवढ्यावर त्यांचं बोलणं सुरू व्हायचं, कुठलं लाकूड, कुठली लाख. या वेळी नुसती चकती परत बसवली.

"ठिवून जावा. पुढल्या गुरवारी या."

ती गेल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि चकती पुन्हा काढून दाखवली. खाली, लाखेच्या आत, तांबूस ठिपका होता. वाटाण्याएवढा.

"कुंकू," ते म्हणाले. "ऑर्केस्ट्रावाले खंडेनवमीला वाद्याची पूजा करत्यात. त्येंचं कुंकू लाखेच्या वर असतं, नखानं निघतं. हे लाखेच्या खाली हाय. म्हंजी लाकूड कोरं असताना लावलंय. आपला सुतार कामाला हात घालायच्या आधी लावतो. परदेशातल्या कारखान्यात कोन लावंल? आन लाकूड शिवणीचं हाय, आपल्या रानातलं."

"मग झालं की! आत्ताच का नाही सांगितलंत तिला?"

"सांगतो."

पण पुढचे तीन दिवस पार्टिशनच्या पलीकडून कानशीचा आवाज आला नाही. माझे पेशंटच विचारायला लागले, आज एवढं शांत का? सोमवारी सकाळी मी आरसा आणायला मागे गेले. मालक दूध आणायला गेले होते. गिटार टेबलावर तशीच, आणि नावावरची चिकटपट्टीही तशीच. कुठलीही गिटार एक दिवस राहिली तरी शेवटी ते पट्टी काढून नाव बघायचेच. मी नखाने कोपरा उचलला आणि पट्टी सोलून काढली.

सोनेरी अक्षरात विलायती नाव होतं, सुरेख. त्याच्या खाली एक वळणदार रेघ, बारीक सुरू होऊन मधे भरदार झालेली आणि टोकाला मागे वळून आकडा झालेली. ती रेघ मी अकरा वर्षं रोज सकाळी दवाखाना उघडताना बघत होते. माझ्या नावाखाली.

मालक दुधाची पिशवी घेऊन दारात उभे होते.

"हे तुम्ही लिहिलंय," मी म्हणाले.

"व्हय."

त्यांनी दूध तापत ठेवलं, मग स्टुलावर बसले. त्या मिस्त्रीच्या दुकानात ते तेव्हा कामाला होते, नाव घालायचं काम त्यांचं. सगळ्या गिटारींवर विलायती नाव घालायचे, लोकांना तेच हवं असायचं. "ह्या माळ्यानं काय मागितलं नव्हतं. त्यो शेजारी बसून बघत व्हता. मला म्हनला, काय लिवलं? म्हनलं, कंपनीचं नाव. म्हनला, माझं न्हाई का?" "मंग फौजदार त्याला घिऊन आला. मिस्त्री म्हनले, आमी असलं करत न्हाई. विलायती नाव घालतो म्हनून ते बी अडकले असते. फौजदार माझ्याकडं वळला. मी म्हनलं, मला काय ठाऊक न्हाई."

"किती वर्षांचे होतात?"

"सव्वीस. लगीन झालं व्हतं. पोर न्हवतो." हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

"म्हणून नावाला हात लावत नाही तुम्ही."

"त्या दिवसापास्नं न्हाई लावला."

"त्या माणसाला त्याचा काय उपयोग झाला?" मी म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला होता की माझा आवाज बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटपर्यंत गेला. वर्षानुवर्षं लोक या माणसाला विचारायला येत होते की खरं काय आणि खोटं काय, आणि मी त्यांची वाक्यं लोकांना ऐकवत होते. "गुरुवारी तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"मी सांगतो," ते म्हणाले. दूध उतू गेलं. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

खरं तर त्यांना एक पळवाट होती, आणि ती त्यांच्या लक्षात आली नसेल असं मी म्हणणार नाही. कुंकू आणि शिवणीचं लाकूड एवढं सांगितलं असतं तरी गिटार इथली ठरली असती. कुणी केली, कुणी लिहिलं, हे विचारायला आता मिस्त्रीही जिवंत नव्हता. गुरुवारी मी पार्टिशनला कान लावून उभी होते. त्यांनी कुंकू सांगितलं. लाकूड सांगितलं. मग नाव मी लिहिलंय, हे सांगितलं. फौजदाराचंही सांगितलं.

सुजाता ओरडली नाही. टोलनाक्यावर ओरडणाऱ्यांशी कसं बोलायचं हे तिला माहीत होतं, पण समोरचा गप्प असताना काय करायचं हे बहुधा तिलाही सुचेना.

"त्यांची नोकरी गेली, ते कळलं होतं तुम्हाला?"

"व्हय."

"आणि तुम्ही इथेच होता. एवढी वर्षं."

"दोनदा आलतो. कान्ह्याच्या फाटकापर्यंत."

"फाटकापासून आमचं घर पाच मिनिटांवर आहे," सुजाता म्हणाली. मग तिने गिटार चादरीत बांधायला घेतली आणि अर्ध्यात थांबली. "तुम्हीच घेऊन या ही. रविवारी. आईला सांगा."

रविवारी मी त्यांना गाडीने नेलं. एस.टी.ने जातो म्हणत होते. ते फाटकापर्यंतच जातील अशी मला भीती होती. मागच्या सीटवर गिटार होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पाटी. दोन रात्री जागून त्यांनी ती रंगवली होती. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं: ही गिटार अमुक अमुक यांनी लोणावळ्यात करवून घेतली, तिच्यावरचं नाव मी लिहिलं, विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. खाली सही. आयुष्यात इतकं देखणं अक्षर त्यांनी काढलं नव्हतं. रेघ मात्र मारली नव्हती.

सुजाताची आई उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसली होती. बारीक अंगाची, पांढरेशुभ्र केस, हातात काठी. मालकांनी वाकून नमस्कार केला आणि पाटी तिच्या समोर धरली. म्हातारीने ती वरपासून खालपर्यंत बघितली, हातात घेतली, आणि तोंड भिंतीकडे करून टेकवून ठेवली.

"मला वाचाया येत न्हाई. तोंडानं सांगा."

मालकांनी तोंडाने सांगितलं. लोकांना लिहून द्यायला नाही म्हणणारा हा माणूस स्वतःच्या वेळी मात्र पाटी घेऊन आला होता, आणि आता एकेक शब्द खुंटी उपसावी तसा उपसत होता.

"झालं?" म्हातारीने विचारलं.

"व्हय, मावशी."

"ह्ये मला ठाऊकच व्हतं. ह्या घरात त्येंना कुनी चोर म्हनलं न्हाई. हितं सांगून काय उपेग?" ती काठी टेकून उठली. "जितं म्हनलं तितं चला."

विहारातली वंदना नुकतीच आटोपली होती. चाळीसेक माणसं सतरंजीवर होती, चपला घालण्याच्या बेतात. भिंतीवर पार्टीतल्या लोकांचे फोटो ओळीने लागले होते. पार्टीचे आबा आता पंच्याऐंशीचे, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. सुजाताने सगळ्यांना बसायला सांगितलं आणि हे कोण ते सांगितलं. मालकांनी गिटार उभी धरली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि खुंटी उतरवून कुंकवाचा ठिपका पुढच्या ओळीला दाखवला. मग लाखेचे थर. मग शिवणीचं लाकूड कसं ओळखायचं ते. विषय त्यांच्या हातातला होता, आवाज मोकळा झाला. ते आता स्क्रूवर येणार, तेवढ्यात म्हातारीने काठी आपटली.

"त्ये ऱ्हाऊ द्या. तुमचं सांगा."

मालकांनी गिटार खाली ठेवली. "त्येंनी चोरली न्हाई," ते म्हणाले. "मिस्त्रीनं केली, नाव मी लिवलं. फौजदारानं मला इचारलं, मी खोटं बोललो. त्ये माझ्याकडं बघत व्हते."

बाहेरून पुण्याकडची गाडी गेली, ती जाईपर्यंत सगळे तसेच बसून होते. मग आबा बोलले, पण मालकांशी नाही. म्हातारीशी.

"वहिनी, त्यानं आमाला सांगितलं व्हतं. लोनावळ्याला चला म्हनला, दुकान दावतो, नाव लिवनारा दावतो. तीनदा म्हनला. आमच्यातलं कुनी गेलं न्हाई." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "सुजाता, फोटो आन बाळ."

फोटो म्हातारीच्या पिशवीतच होता. ती तो घेऊन आली होती. खिळा नव्हता, म्हणून कुणीतरी आपल्या काकांचा फोटो सरकवला आणि त्याच खिळ्याला दोन्ही दोऱ्या अडकवल्या. तिशीतला एक माणूस, तेल लावून भांग पाडलेला, कॅमेऱ्याकडे न बघता हातातल्या गिटारीकडे बघणारा. सुजाता रडली. मीही रडले, आणि माझा तिथे काय संबंध, असं कुणी विचारलं नाही.

मावळात दारी आलेल्याला चहाशिवाय जाऊ देत नाहीत. म्हातारी म्हणाली, "डॉक्टरीणबाईला च्या द्या." एक कप आला. मी तो ओसरीवर बसून प्यायले. मालक विहाराच्या कठड्याशी उभे होते. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी तशी अपेक्षा केली असावी असंही वाटलं नाही. निघताना ते म्हातारीसमोर थांबले. ती फोटोकडे बघत होती, बघत राहिली.

परत येताना कामशेत मागे पडलं. कार्ल्याच्या फाट्याशी सिग्नलला मी गाडी थांबवली, तेव्हा म्हणाले, "किती मान्सं व्हती हो, डॉक्टर?"

"चाळीस-पंचेचाळीस असतील."

त्यांनी मान हलवली.

"त्या दिवशी दुकानात आमी चौघंच व्हतो," ते म्हणाले. "मिस्त्री, फौजदार, त्यो आन मी. चौघांच्यात बोलायचं व्हतं."

त्यांना बरं वाटावं असं काहीतरी मला सुचत होतं. मी ते बोलले नाही.